अप्पांचा शेवटचा दृष्टांत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. वकिलाच्या घराच्या पायरीबद्दल मात्र कोणी काही म्हणून ठेवलेलं नाही. त्यामुळे हुबळीच्या दाजीबानपेठेतले कापडाचे व्यापारी नागोजीराव मिरजकर एका धुकट सकाळी धारवाडला तडकोडकर वकिलांच्या पायऱ्या निर्धास्तपणे चढले आणि व्हरांड्यातल्या बाकावर टेकले. शेजारच्या माणसाने तोंडावरचा मफलर खाली केला. तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ मारुती निघाला.

"तू बेळगावला माल बघायला गेला होतास न्हवं?" नागोजी म्हणाला.

"आणि अण्णा, तू गदगला मयताला गेला होतास की."

"मयत पुढं ढकललंय," नागोजी म्हणाला.

यापुढे बोलण्यासारखं होतं ते दोघांनाही वकिलांशीच बोलायचं होतं.

गोष्ट अशी की त्यांचे वडील, म्हणजे पेठेतले शंकरअप्पा, दिवाळीच्या आधी वारले. खाली दुकान आणि वर घर ही इमारत अप्पांनी स्वतःच्या कष्टाने उभी केली होती, आणि ती कोणाची, ते लिहून ठेवायचं तेवढं राहून गेलं होतं. दुकान दोन्ही भावांना हवं होतं, तेही अख्खं. तिसरी होती थोरली बहीण, शांताक्का. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन ती माहेरी आली, आईमागे तिने दोन्ही भावांना वाढवलं, अप्पांचं शेवटचं आजारपण काढलं. दुकान आपलं आणि अक्का दुसऱ्याची, एवढ्याबाबतीत दोघा भावांचं संपूर्ण एकमत होतं.

तडकोडकर वकील म्हणजे देवस्थानांचे ट्रस्ट आणि घराघरांतल्या वाटण्या यांतला मुरलेला माणूस. एका देवळाच्या ट्रस्टचा दावा त्यांना वडिलांकडून वारसाहक्काने आला होता आणि तो दावा चालू असेपर्यंत देवाला मरण नाही, असं धारवाडात बोललं जाई. ते आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. झोपले आहेत की ऐकताहेत, हे त्यांच्या पक्षकारांना निकाल लागेपर्यंत कळत नसे.

"दोघांना एकच वकील चालतो होय?" मारुतीने भीत भीत विचारलं.

"भांडण एकच आहे न्हवं?" डोळे न उघडता वकील म्हणाले. "मग वकील दोन कशाला? बोला."

दोघे एकदमच बोलले. वकिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अप्पांची स्वतःची कमाई. लिखापढी काही नाही. आईही नाहीत. मग कायद्याने तीन सारखे हिस्से. यांचा, तुमचा आणि बहिणीचा."

"अक्का कुठून आली मधी?" नागोजी दचकला.

"मधी कशाला, वरून आली. थोरली न्हवं का?"

दुकानाचे दोन तुकडे सोसायची तयारी नसलेल्या माणसाला कोणी तिसरा तुकडा दाखवला तर त्याची बुद्धी कुठे धावेल याचा नेम नाही. नागोजीची देवाधर्माकडे धावली. "पण अप्पांनी मला दृष्टांत दिलाय!" तो म्हणाला. "काल रात्री स्वप्नात आले. म्हणाले, नागू, दुकान तुझं, अक्का मारुतीची."

 पण मारुतीही त्याच बापाचा मुलगा होता. "माझ्याकडंही आले होते की," तो म्हणाला. "पहाटे. तुझ्याकडून उठून सरळ माझ्याकडंच आले असणार. म्हणाले, अण्णाला सांग, बोलण्यात जरा चूक झाली. दुकान तुझं, अक्का नागूची."

वकिलांनी एक डोळा उघडला.

"अस्सं. मृत्युपत्रांचा नियम असा आहे की शेवटचं तेवढं खरं, आधीची रद्द. दृष्टांताला तोच नियम लावू. पण मग कायदा बाजूला ठेवायला लागेल. चालेल?"

"चालेल!" दोघे एका आवाजात म्हणाले.

वकिलांनी त्यांना देवघरात नेलं आणि शपथेचा बेलभंडार उचलायला लावला. येत्या सोमवारी वकील हुबळीला येणार. ते दुकानाच्या गादीवर बसेपर्यंत जो दृष्टांत शेवटचा ठरेल, तो सगळ्यांना मान्य.

"कुणालाही पडो," वकील म्हणाले.

"कुणालाही पडो," दोघांनी हातात बेल धरून म्हटलं. नागोजीच्या डोळ्यांपुढे बायको मथुरा आली, मारुतीच्या डोळ्यांपुढे त्याची लीला. झोपायला घरचं आणखी एकेक माणूस हाताशी आहे, या विचाराने परतीच्या बसमध्ये दोघेही खुशीत होते.

त्या दिवसापासून मिरजकरांच्या घरावर झोप उतरली. नागोजी दुपारी दहीभात खाऊन गादीवरच आडवा व्हायला लागला. मारुतीला मथुरावहिनींच्या घोरण्याचा त्रास होऊ लागला, म्हणून तो मॅटिनीचं तिकीट काढून थिएटरात झोपून येई. लीलाने खसखशीची खीर केली. मथुरेने खिडक्यांना दुकानातलं काळं कापड लावलं. दिवसासुद्धा घरात निळसर अंधार असे, जिन्यात कोणी पाऊल वाजवत नसे, आणि बाहेर दाजीबानपेठेतल्या हातगाड्यांचा खडखडाट कुठल्या तरी लांबच्या गावातून आल्यासारखा वाटे.

मधूनच कोणीतरी ओरडे, "आले! आत्ता येऊन गेले!" आणि मग सगळं घर उठून बसे.

"काय म्हणाले?"

"दुकान आमचं म्हणाले."

"थांबा तर मग," दुसरीकडून आवाज येई, "आम्ही आत्ताच झोपतो."

बिचारे अप्पा! गुडघ्यांमुळे हयातीत दिवसातून एकदाच जिना चढायचे. मेल्यावर ते रात्रभर खालीवर करत होते. आणि प्रत्येक फेरीला त्यांनी शांताक्काला या भावाकडून त्या भावाकडे टाकलं. इस्टेट दोन प्रकारची असते, एक ओढायची आणि एक ढकलायची. अक्का दुसऱ्या प्रकारात मोडत होती, आणि ते तिला जिन्याच्या पायरीवर बसून स्पष्ट ऐकू येत होतं.

शुक्रवारी कुंदगोळचं एक कुटुंब लग्नाच्या लुगड्यांना आलं. गादीवर नागोजी, बाकावर मारुती, दोघेही तोंड उघडे टाकून झोपलेले. लीलाने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला हं. अप्पा यायचेत."

"कोण अप्पा?"

"आमचे मामंजी. दिवाळीआधी वारले ते."

कुटुंबाने चपला हातात घेतल्या आणि ते चालू पडलं. शांताक्का मागच्या दाराने धावली, त्यांना गल्लीच्या तोंडाशी गाठलं, कानडीत चार समजुतीचे शब्द बोलून परत आणलं आणि झोपलेल्या भावांच्या उशाला बसून लुगडी दाखवली. "येनु इल्लरी, काही नाही, थकलेत दोघं," ती कुजबुजली. त्या आठवड्यात दुकान तिनेच चालवलं. ज्या दुकानासाठी सगळे झोपले होते त्याच्यासाठी एक माणूस जागं राहणं भागच होतं.

तिने स्वतःची ट्रंक मात्र भरून ठेवली होती. तीत दोन लुगडी होती आणि अप्पांचा चष्मा. सोमवारनंतर ती कोणत्या भावाच्या उंबऱ्याबाहेर ठेवायची, एवढंच ठरायचं होतं. रात्री ट्रंकेवर हात ठेवून ती पडून राही, आणि तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

"अक्का, तुम्हाला नाही का हो येत अप्पा?" लीलाने एकदा विचारलं.

"झोपले तर येतील की," अक्का म्हणाली आणि रात्रीची भांडी घासायला गेली.

रविवारी रात्री एक भलतीच गोष्ट घडली. मारुतीला खरोखरच स्वप्न पडलं. अप्पा दुकानात उभे होते. वाटणीबद्दल चकार शब्द नाही. अनवाणी पायांनी ते गादीखाली, कपाटामागे चपला शोधत होते. मारुतीकडे वळून त्यांनी विचारलं, "शांता कुठं आहे रे? तिला ठाऊक असतंय." मारुती घामाघूम होऊन उठला. आवाज अप्पांचाच होता, तक्रार नसलेला आणि थोडा थकलेला.

सकाळी नागोजीने पाच वाजताचा ताजा दृष्टांत सगळ्यांना सांगितला. लीलाने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "अहो, तुमचा सांगा की."

"मला झोपच लागली नाही," मारुती म्हणाला. लीलाने कपाळाला हात लावला.

सोमवारी दहाच्या सुमाराला तडकोडकर वकील बसमधून उतरून आले. काळा कोट, हातात छत्री, डोळे अर्धे मिटलेले. अक्काने पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर वकिलांनी विचारलं, "शेवटचा कोणाचा?"

"माझा!" नागोजी पुढे सरसावला. "पहाटे पाचचा. दुकान माझं..."

"पाचचा होय?" वकील उभ्याउभ्याच म्हणाले. "मग माझा त्याच्या नंतरचा. बसमध्ये उणकल तळ्यापाशी माझा जरा डोळा लागला. एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले. तिकीटसुद्धा काढलं नाही. म्हटलं, आपण कोण? म्हणाले, मी नागोजी-मारुतीचा बाप. म्हणाले, दुकान, घर, गादी, सगळं शांताचं." एवढं बोलून ते गादीवर बसले. "संपली मुदत."

 नागोजी उसळला.

"हे कसलं वकीलसाहेब? तुम्ही आमच्या घरचे न्हवं! अप्पांना तुम्ही कधी बघितलेलंसुद्धा नाही!"

"म्हणून तर नाव विचारलं. कुणालाही पडो, असं म्हटलंय आपण. बेलभंडार उचललाय."

"अहो पण तुम्ही आमचे वकील!"

"होतो. उणकलपासून अप्पांचा झालो. मेलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

"मी म्हणत होते," मथुरा पडद्याआडून करवादली, "दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ!"

 मारुती वकिलांजवळ गेला आणि त्याने हळूच विचारलं, "त्यांच्या पायात चपला होत्या?"

वकिलांनी या खेपेला दोन्ही डोळे उघडले. मारुतीच्या चेहऱ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"नव्हत्या," ते म्हणाले. "अनवाणी होते."

मारुती गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला आणि पंचेचाळिशीचा तो बाप्या माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. "साकु अण्णा, साकु," तो म्हणाला. "पुरे झालं. अक्काचं नाव लाव."

नागोजीने आशेने सगळीकडे पाहिलं. सगळं जाण्यापेक्षा काहीतरी राहावं, हा व्यापाऱ्याचा धर्म त्याच्या मदतीला धावला. त्याने हात जोडले. "वकीलसाहेब, ते दृष्टांत वगैरे काही खरं नसतंय. एक विनंती आहे. आम्हाला कायदा द्या."

"कुठला?"

"तोच तो. तीन हिश्शांचा."

"दृष्टांत अक्कांचा आहे. सोडायचा तर त्यांनी सोडायला पाहिजे." वकील अक्काकडे वळले. "काय अक्का?"

शांताक्का भिंतीला टेकून उभी होती. आपलं नाव इतक्या वेळा, तेसुद्धा ढकलण्यासाठी नव्हे, असं तिने या दुकानात कधी ऐकलं नव्हतं. "तीनच करा," ती म्हणाली. "फक्त माझ्या हिश्शात ही गादी येऊ द्या. आणि खिडकीचं ते काळं कापड काढा कोणीतरी, आठ आठ वारांचा माल आहे तो."

वकील दुपारची बस गाठायला गेले. ट्रंक रिकामी झाली. अप्पांचा चष्मा दुकानातल्या कोनाड्यात ठेवला गेला. आठवडाभर झोपलेल्या चौघांच्या डोळ्यांत टिपूसभर झोप उरली नव्हती. मथुरा आणि लीला भांडी घासायला बसल्या, भाऊ कापडाचे तागे रचायला लागले. आणि शांताक्का, कोणाला न विचारता, भर दुपारी गादीवर आडवी झाली. पाठ टेकताच तिला झोप लागली.

अप्पा आलेच. उशाशी बसले आणि जरा गोंधळून म्हणाले, "शांता, ते वकील कुणी नेमले गं?"

"तुम्हीच की, अप्पा."

"मी? कधी?"

"उणकल तळ्यापाशी."

अप्पांनी आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवलं. "असेल," ते म्हणाले. "पण बरं केलं म्हणायचं मी." ते जायला उठले तशी तिने वाकून पाहिलं. त्यांच्या पायात चपला होत्या.

बाहेर कोणी गिऱ्हाईक आलं होतं आणि मोठ्याने लुगड्याचा भाव विचारत होतं. नागोजी लगबगीने पुढे झाला. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला हो," तो म्हणाला. "आमची अक्का झोपलीय."