बोरस्ते काकांचा रंगीत हार

आमच्या मजल्यावरचे बोरस्ते काका संक्रांतीला हातात तिळगूळ पडला की 'गोड बोला' म्हणतात, आणि मग शर्टाच्या खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढून लाडवाचा व्यास मोजतात.

"सव्वीस पॉइंट चार," एकदा ते मला म्हणाले. "मघाशी दिलात तो सत्तावीस पॉइंट एक होता, वहिनी. व्हेरिएशन आहे." आणि खाल्ला. चव कशी आहे ते सांगितलं नाही. चव मोजायचं यंत्र निघालेलं नाही म्हणून असेल.

काका अंबडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. मशीनवरून आलेला माल मोजायचा आणि त्यावर गोल टिकली चिकटवायची, एवढंच काम. हिरवी टिकली म्हणजे पास. लाल म्हणजे रिजेक्ट, थेट भंगारात. आणि पिवळी म्हणजे रीवर्क, म्हणजे माल वाईट नाही, पण पुन्हा एकदा मशीनवर घ्यायला हवा. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात. काका या टिकल्यांची पाकिटं घेऊन आले.

त्यानंतर इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत टिकलीशिवाय काही उरलं नाही. लिफ्टवर तीन वर्षं पिवळी होती. सेक्रेटरीच्या नोटिशीवर लाल. घरात तर त्याआधीपासूनच तो कारभार होता. त्यांच्या सोनलच्या प्रगतिपुस्तकाच्या मागे गणिताला हिरवी, भूगोलाला पिवळी, असं दर सहामाहीला चालायचं. भूगोल शेवटपर्यंत मशीनवरच राहिला. मंदाकाकू निफाडकडच्या. त्या म्हणतात, "इतकी वर्षं भाकरी थापते, पण हिरवी टिकली काय मिळाली नाय. लय झालं तर पिवळी."

हे सगळं मी हसत हसत सहन केलं असतं. पण काका माझ्या हलव्यात आले.

हलव्याचे दागिने हा माझा प्रांत. साखरेचा तो काटेरी पांढरा दाणा दोऱ्याच्या फासात एकेक करून बांधायचा, त्याचे हार, बांगड्या, मुकुट करायचे. नव्या सुनेची पहिली संक्रांत असो की बाळाचं बोरन्हाण, इंदिरानगरात बावीस वर्षं लोक माझ्याच दारात येत. सासूबाईंनी शिकवलं होतं मला, आणि शिकवताना बोटांवर पट्टीसुद्धा मारली होती. म्हणजे मी ते मिळवलेलं आहे, फुकट नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच थंडीत काका मंदाकाकूंबरोबर सहज म्हणून आले, तासभर माझ्या हातांकडे बघत बसले आणि म्हणाले, "छान आहे. पण दाणे एका मापाचे नाहीत."

"डोळ्याला छान दिसतंय ना?"

"डोळ्याला काही कळत नाही, वहिनी. मापाला कळतं."

आठ दिवसांनी ते स्वतः केलेला हार घेऊन आले. किलोभर हलवा घरी आणून त्यांनी दाणान् दाणा मोजला होता, त्यातून एका मापाचे निवडले होते आणि उरलेले बरणीत भरून बरणीला लाल टिकली लावली होती. तो हार मी हातात घेतला. खोटं कशाला बोलू, असा हार मी जन्मात केला नव्हता. मी म्हटलं, "बरा आहे."

त्या वर्षी सोसायटीच्या हळदीकुंकवाला एका सुनेनं काकांचा हार घातला होता. बायका माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "वहिनी, यंदा हात काय बसलाय तुमचा!" मी सांगितलं, हा माझा नाही, काकांचा आहे. तर एक म्हणाली, "तरीच." या एका शब्दानं माझा जो जळफळाट झाला, तो अजून पुरता शमलेला नाही. पुरुषमाणूस, वय बासष्ट, आणि कधी सुईत दोरा ओवलेला नाही! त्या रात्री मी देवाला चक्क मुंग्या मागितल्या. दोन-चारच, पण काकांच्या डब्यात.

मुंग्या आल्या नाहीत. मात्र काकांचे दागिने दोन दिवसांत मऊ पडायचे. ते विचारायला यायचे, "वहिनी, तुमचा हलवा कडक कसा राहतो?" डब्याच्या तळाशी कोरडे तांदूळ पसरायचे, एवढंच त्यातलं गुपित. मी म्हणायचे, "हवेचं असतं हो, काका." दोन घरांत एक भिंत, तरी माझ्या घरची हवा वेगळी. त्यांनी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

आता सोनलचं सांगायला हवं. सोनल म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं चार वर्षांपूर्वी एक मुलगा पसंत करून घरी आणला. लग्नकार्यात लाइट आणि स्पीकर लावायचा त्याचा धंदा. काकांनी त्याला एक तास प्रश्न विचारले, आणि तो गेल्यावर त्याच्या फोटोवर लाल टिकली चिकटवून फोटो टीपॉयवर ठेवला. सोनलनं तो उचलला, टिकलीसकट पर्समध्ये टाकला आणि महिन्याभरात रजिस्टर लग्न केलं. राहायला गेली नाशिकरोडला. इथून रिक्षानं वीस मिनिटं. चार वर्षांत ना ती आली, ना काका गेले. मंदाकाकू मात्र दर गुरुवारी 'देवळात' जातात आणि येताना त्यांच्या पदराला बेबी पावडरचा वास असतो.

यंदा संक्रांतीच्या आधी सोनलचा मला फोन आला. "काकू, छकुलीचं बोरन्हाण करतेय. दागिने तुमच्याच हातचे हवेत. पण पांढरे नकोत हं. रंगीत करा. गुलाबी, पिस्ता, आकाशी, केशरी, लाल, पिवळा, सगळे."

मी कधी रंगीत हलव्याला हात लावला नव्हता. हलवा पांढराच, असं सासूबाईंचं म्हणणं, आणि माझंही. दुसरं कुणी असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं. पण काकांच्या नातीचे दागिने, आणि ऑर्डर माझ्याकडे! 'तरीच' म्हणणाऱ्या बाईला हे कसं कळवावं, याचाच विचार करत मी हो म्हटलं.

बाजारातून सहा रंगांचा हलवा आणला आणि बसले. पांढऱ्यात कसं, दाण्याशेजारी दाणा ठेवला की झालं. इथे गुलाबीशेजारी केशरी ठेवला तर दोघं भांडायला लागले. आकाशी मध्ये घातला तर तो एकटाच पुढे पुढे करायला लागला. सोडला, बांधला, पुन्हा सोडला. दोन दिवसांनी जे तयार झालं ते पोळ्याच्या बैलाच्या गळ्यात शोभलं असतं.

मी तो हार ताटाखाली लपवत होते, तेवढ्यात काका आले. विरजण मागायला आले होते, पण त्यांची नजर चौतीस वर्षांची. ताट उचललं. मी मनात म्हटलं, आता म्हणतील, रिजेक्ट.

"कुणाची ऑर्डर?" त्यांनी विचारलं.

मी गप्प बसू शकले असते. पण हार फसलेला, आणि समोर हा माणूस. मनातलं विष ओठावर आलं. "तुमच्या सोनलची," मी म्हटलं. "नातीचं बोरन्हाण आहे तुमच्या. माझ्याकडे दिलेत दागिने."

काकांनी व्हर्नियर काढला नाही. हार खाली ठेवला आणि बाजूच्या खुर्चीवर बसले. म्हणाले, "किती महिन्यांची झाली?"

"दहा."

"बसते का?"

"बसते. धरून उभी राहते म्हणे."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, मी करून बघू? नाव तुमचंच राहू द्या."

या माणसानं माझं सगळं पळवलं होतं, आणि आता हेही मागत होता. मला नाही म्हणायचं होतं. पण ते बोलताना माझ्याकडे बघतच नव्हते. खाली पडलेला एक दाणा उचलून बोटांत फिरवत होते. मी सहाही पुड्या त्यांच्यापुढे सरकवल्या. सरकवताना राग आला होता, हेही खरं.

तीन दिवस ते माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसले. स्वतःच्या घरी बसले असते तर काकूंना कळलं असतं ना! पहिला दिवस नुसते रंग बघण्यात गेला. आयुष्यभर लोखंड आणि ग्रीस बघितलेला माणूस. गुलाबी दाणा उजेडात धरायचे आणि विचारायचे, "हा कुठे वापरतात?"

"कुठेही. नटायला."

लाल आणि पिवळ्याच्या पुड्या त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवल्या.

"काका, लाल घ्या की. लेकराच्या अंगावर खुलतो."

"नको. लाल म्हणजे भंगार. तिच्या गळ्यात मी लाल घालणार नाही." लालची पुडी आणखी लांब सरकवत म्हणाले, "एकदा घातलाय."

दुसऱ्या दिवशी हात चालू लागला. रंग एका मापाचे नव्हतेच. गुलाबी बारीक, केशरी थोराड, आकाशी काट्यांनी भरलेला. मी वाट बघत होते की आता मोजतील. मोजले नाहीत. एक दाणा शेजारी ठेवायचे, मान तिरकी करून बघायचे, बदलायचे. मला म्हणाले, "मापाला कळत नाहीये, वहिनी." गुलाबीशेजारी पिस्ता आला, दोन पिस्त्यांत एक आकाशी, आणि मधोमध केशरी दाण्यांचं फूल. माझ्याच पुड्या, माझंच टेबल, आणि माझ्या हातून दोन दिवस भांडलेले ते रंग या माणसाच्या हाताखाली शहाण्या पोरांसारखे रांगेत बसले होते. मत्सर काय असतो ते मला त्या टेबलावर नीट कळलं. घशात कडू लागतं.

तरीही हार झाल्यावर मी स्टीलचा डबा काढला आणि त्यांच्यादेखत तळाशी तांदूळ पसरले. काकांनी ते पाहिलं. "म्हणजे हवेचं नव्हतं," एवढंच म्हणाले.

डब्यात ठेवताना मी हार उलटा केला. मागे, जिथे गाठ येते, तिथे एक पिवळा दाणा होता. वेडावाकडा, एका बाजूला चपटा.

"काका, हा चुकून आलाय. काढू का?"

"चुकून नाही. पिवळी टिकली आहे ती. रीवर्क."

"कुणाला लावलीत?"

"इन्स्पेक्टरला," काका म्हणाले आणि तीन दिवस राहून गेलेली विरजणाची वाटी आजही न घेताच निघून गेले.

बोरन्हाणाला मी डबा घेऊन गेले. सोनलनं हार हातात घेतला, बघितला आणि लगेच उलटा केला. तिचं बोट गाठीपाशी थांबलं.

"काकू, हे तुम्ही केलेलं नाही."

एरवी हे वाक्य मी कुणाला पचू दिलं नसतं. "नाही," मी म्हटलं.

"मागच्या बाजूला लावलाय," ती म्हणाली. "प्रगतिपुस्तकाच्यासुद्धा मागेच लावायचे." मग बायका जमल्या, छकुलीच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले गेले, पोरांनी ती लुटली. छकुली हाराचं केशरी फूल चोखत बसली होती. तिच्या गळ्यात ते इतकं गोड दिसत होतं की मला बघवेना.

निघताना सोनलनं हारातून एक पिस्ता रंगाचा दाणा सोडवला आणि कागदाच्या कपट्यात बांधून माझ्या हातात दिला. "बाबांना द्या. काही सांगू नका."

रिक्षात बसल्यावर मला रडू यायला हवं होतं. आला तो हेवा. इंदिरानगरातल्या अर्ध्या सुना माझा हलवा घालून फोटो काढून मोकळ्या झाल्या, पण एकीनंही कधी हार उलटा करून पाहिला नाही. मी तरी गाठीपाशी काय ठेवलं होतं म्हणा. आणि या माणसानं जन्मात एक रंगीत हार केला, तर त्याला घरपोच उत्तर! जिना चढताना क्षणभर वाटलं, तो दाणा तोंडात टाकावा आणि म्हणावं, काही दिलं नाही हो.

काका दारातच उभे होते. मी पुडी पुढे केली. त्यांनी ती उघडली. तळहातावर तो हिरवा दाणा, सवयीनं दुसरा हात खिशाकडे गेला, व्हर्नियर अर्धा बाहेर आला आणि तिथेच राहिला.

"मंदा," त्यांनी आत हाक मारली, "माझ्या चपला कुठे आहेत?"

"आता कुठं निघाले?"

"नाशिकरोडला."

आत गॅस बंद केल्याचा आवाज आला. मंदाकाकू हात पुसत बाहेर आल्या, नवऱ्याकडे बघितलं, त्यांच्या तळहाताकडे बघितलं. "थांबा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला घर नाय सापडायचं. मी बी येते."

दोघं जिना उतरून गेले. काकांची मूठ मिटलेलीच होती. व्हर्नियर चपलांच्या स्टँडवर राहून गेला होता. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग नाही मारली.