अप्पांच्या पात्यावरचा डाग

आमच्या शेजारच्या अप्पांच्या अंगणात शिरताना चपला काढल्या नाहीत तरी चालतं. हात मात्र मागं बांधायचे, शाळेत गडबड करणाऱ्या पोरांना उभं करतात तसे. कोण आलंय हे बघायच्या आधीच अप्पा आतून म्हणतात, "हात मागं." मग तो व्याही असो नाहीतर लाइटबिलवाला. कुणी विसरून अंगणातल्या फळीकडं हात नेलाच, तर अप्पांची मराठी संपते आणि कानडी सुरू होते. "मुट्टब्याड्री," म्हणजे शिवू नका. ज्याला कानडी येत नाही त्यालाही हे लगेच कळतं, कारण त्या वेळी अप्पांच्या हातात लांब चिमटा असतो.

एकदा निवडणुकीला उभे राहिलेले एक गृहस्थ मत मागायला आले. सवयीनं दारातच हात जोडून उभे राहिले. अप्पांनी त्यांच्याकडं खुशीत पाहिलं आणि म्हणाले, "ब्येस. आसंच जोडलेलं ऱ्हाऊ द्या, सोडू नका." बिचारे निघेपर्यंत तसेच उभे होते. अप्पांनी त्यांना मत दिलं की नाही ते ठाऊक नाही, पण वळणाचा माणूस होता, असं ते अजून म्हणतात.

हे सगळं सोवळं सुऱ्यांसाठी. नळदुर्गच्या हायवेवर अप्पांचं ट्रकचे पाटे बदलून द्यायचं दुकान होतं. ट्रकच्या चाकावर कमानीसारख्या लोखंडी पट्ट्या असतात, ते पाटे. म्हातारपणी दुकान पुतण्याच्या हाती दिलं आणि अप्पा घरी बसले. बसले म्हणजे काय, चार दिवस बसले. पाचव्या दिवशी एक मोडका पाटा घरी आणून त्याची सुरी केली. तेव्हापासून अंगणात ऐरण, भट्टी, कानस आणि अप्पा. अव्वांची तुळस कोपऱ्यात सरकली ती अजून तिथंच आहे.

अव्वा म्हणजे त्यांच्या बायको. गल्लीत त्यांना सगळे अव्वाच म्हणतात. आणि मी सुमन. मी ब्लाउज शिवते. माझी मशीन ज्या खिडकीशी आहे ती नेमकी अप्पांच्या अंगणावर उघडते. त्यामुळं मला सुऱ्यांतलं जेवढं कळतं तेवढं कुठल्याही शिंपिणीला कळत नसेल.

गंमत अशी की अप्पा पक्के लिंगायत. अंड्याचं नुसतं नाव घेतलं तरी चूळ भरतील. पण त्यांच्या सुऱ्यांसाठी ढाब्यांवरचे खानसामे ताटकळतात. सुरी हातात द्यायच्या आधी अप्पांचा सवाल ठरलेला. "काय कापणार?"

खानसामे आता शहाणे झालेत. "भेंडी, अप्पा."

"निस्ती भेंडी?"

"निस्ती भेंडी. लई झालं तर गाजर."

ज्या ढाब्याच्या पाटीवर म्हशीएवढा कोंबडा रंगवलाय, तिथला माणूस हे सांगत असतो. अप्पांना काय ते सगळं माहीत असतं. पण आपण विचारलं, त्यानं सांगितलं, एवढ्यावर ते समाधानानं सुरी देऊन टाकतात. त्यांचा हा स्वभाव मला पुढं फार उशिरा नीट कळला.

सुरीला धार लागली म्हणजे झालं, असं तुम्हाआम्हाला वाटतं. अप्पांना तशी सुरी उघडी वाटते. तिला निळाई चढवायची असते. बंदुकीच्या नळीवर असतो ना, काळसर निळा रंग, तसा. तो वरून फासत नाहीत, पातं उकळून लोखंडातूनच काढतात. त्यासाठी अप्पांनी लोखंडी पत्र्याचा एक लांबट हौद केलाय. त्यात पाणी, कॉस्टिक सोडा आणि द्राक्षबागेला सोडतात ते तेरा-झिरो-पंचेचाळीस खत. पहिल्यांदा खत आणायला गेले तेव्हा दुकानदारानं विचारलं, पीक कोणतं? अप्पा म्हणाले, "सुऱ्या." त्यानं मान डोलावली आणि पावतीवर डाळिंब लिहिलं.

ह्या उकळत्या पाण्याचे लाड फार. कमी तापलं तर पातं रंगच धरत नाही. जास्त तापलं तर तांबडं पडतं. पाणी आटत गेलं की ते आपोआप जास्त तापतं, म्हणून कडेनं जपून पळीपळीनं पाणी सोडत राहायचं. ओतलं तर अंगावर उडतं. आणि पात्याला कुणाचं तेलकट बोट लागलं असेल तर तेवढ्या जागी रंग चढत नाही. हात मागं बांधायचे ते म्हणून.

एकदा तो हौद गळायला लागला. भट्टी पेटलेली, कामाचा हुरूप आलेला. अप्पांनी आत जाऊन अव्वांचं मोठं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं आणलं आणि सगळा काढा त्यात ओतला. लोखंडाला काही न करणारं ते कॉस्टिक जर्मनला मात्र खाऊन टाकतं, हे अप्पांना त्या दिवशी कळलं. पातेलं फसफसलं, धूर निघाला, फेस बाहेर आला आणि थोड्या वेळानं बूड गेलं. ते पातेलं अव्वांच्या आईनं दिलेलं. सणाची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, त्यातच व्हायची. अव्वा दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आजपास्नं तुमच्या ह्या कामाला माझं बोट लागायचं न्हाय."

आणि नाही लागलं. बाकी संसार व्यवस्थित. भांडणं, दुखणीखुपणी, लेकींचे फोन, सगळं दोघांचं एकत्र. पण सुरीचं नाव निघालं की अव्वा भिंतीकडं बघायच्या. अप्पा भट्टीवर असले की चहाचा कप उंबऱ्यावर ठेवून चमच्यानं टुणटुण वाजवायच्या आणि आत वळायच्या. एखादं पातं फार सुरेख उतरलं की अप्पा ते उन्हात धरून मोठ्यानं म्हणायचे, "निळं म्हंजे कसं निळं." स्वयंपाकघरातून उत्तर यायचं नाही. मग ते माझ्या खिडकीकडं वळून तेच पुन्हा म्हणायचे. मी आपली म्हणायची, "लई भारी, अप्पा." त्यांचं काही त्यानं भागायचं नाही.

यंदा पाडवा झाला आणि डाग सुरू झाला. पातं सगळं कसं मोरपिशी काळं, पण मुठीजवळ बोटाच्या पेराएवढा एक फिका ठिपका. दर पात्यावर, त्याच जागी. अप्पांनी तपास हाती घेतला. पहिली संशयित मी.

"सुमन, तू डोस्क्याला काय लावती?"

"खोबरेल."

"आन मशीनला?"

"मशीनचं तेल."

"दोन्ही बंद कर."

मी म्हटलं, डोकं ऐकेल, मशीन ऐकायची नाही. मग बोअरच्या पाण्यावर संशय गेला. लग्नकार्याला आणतात तसले पाण्याचे जार आले. मग खताचं पोतं बदललं. मग पाटाच वाईट निघाला असं ठरलं, दुसऱ्या ट्रकचा आणला, तर त्याला निळाऐवजी जांभळा रंग आला आणि डाग होताच. मग आमच्या मांजरीवर आळ आला. प्रत्येक वेळी अप्पा अंगणात उभे राहून खड्या आवाजात जाहीर करायचे, "आज पानी बदललंय. आता बघू डाग कसा येतो." आणि पातं पुन्हा घासून, सोड्यानं धुऊन, पहिल्यापासून. डाग यायचा. अप्पा चडफडायचे. मला त्यांची दया यायची.

अशात एक पाहुणे आले. हैदराबादहून पुण्याला निघालेले, ढाब्यावर जेवायला थांबले आणि कांदा कापणाऱ्याच्या हातातली सुरी बघून विचारत विचारत आमच्या गल्लीत पोचले. अंगणात शिरताच त्यांनी न सांगता हात मागं बांधले. अप्पा विरघळलेच. पाहुण्यांना गावोगावच्या सुऱ्या जमवायचा नाद होता. एकेक पातं वाकून वाकून बघून म्हणाले, "काका, रंग फार सुंदर आहे. हा डाग तेवढा नको. डागाशिवाय एक द्या. रविवारी मी ह्याच रस्त्यानं परत जाणार आहे. माझ्या काचेच्या कपाटात तिच्याखाली नळदुर्ग असं लिहून ठेवीन."

त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत म्हणे. हातावर विभूती घेऊन कपाळाला लावायची विसरले. मला खिडकीतून तीनतीनदा सांगितलं, "नळदुर्ग ल्हिणार हाय त्यो. काचंत." आयुष्यभर ट्रकखाली पालथं पडून काम केलेल्या माणसाला कुणीतरी काचेत ठेवणार होतं. मला खरंच भरून आलं.

त्या आठवड्यात माझ्याकडं लग्नाचे ब्लाउज होते, म्हणून सकाळी पाणी भरायच्या वेळीही मी मशीनवर. अप्पांनी पातं सोड्यानं धुतलं, तारेला टांगलं, हौदाखाली जाळ केला आणि ते तापेपर्यंत नेहमीसारखे आत पूजेला बसले. त्यांचा देव्हारा दारातूनच दिसतो. ते डोळे मिटून बसलेत, शेजारी दिवा. तोच अव्वा पाय न वाजवता आल्या. नवऱ्याच्या गुडघ्याशी वाकल्या, दिव्यातल्या तेलात अंगठा बुडवला, अंगणात येऊन टांगलेल्या पात्याला मुठीजवळ तो अंगठा लावला आणि हात जोडून आत गेल्या.

दुपारी मी त्यांना दोन घरांमधल्या भिंतीशी गाठलं. अव्वा आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग म्हणाल्या, "पातं हाय ते. कुनाच्या तरी घरात जानार. लेकीबाळी हाताळनार. देवाम्होरचं तेल लावलं की हात राखतंय. ह्यांचाच अंगठा बघ की."

अप्पांचा उजवा अंगठा वाकत नाही. पाडव्याच्या आधी धार बघताना कापला होता, बरेच दिवस अव्वा त्यांना भरवत होत्या.

"आवं पण डाग त्याच्यानं पडतोय."

"पडू दे. कपड्यावरचा न्हाय, पात्यावरचाच हाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यास्नी बोलू नको. मी बोट लावनार न्हाय म्हनले हुते."

आता आली का पंचाईत. गप्प राहावं तर अप्पांचं काचेचं कपाट जातं. मी आडून आडून अप्पांना म्हटलं, पूजेला बसायच्या आधी पातं आत नेत जा. अप्पांनी कानस खाली ठेवली.

"सुमन, मला ठाव हाय."

"कधीपास्नं?"

"पयल्या डागापास्नं. दिव्याच्या तेलाचा वास येतो की. माझी पूजा लवकर हुती. तिचं हुईस्तवर निस्ता डोळं मिटून बसतो."

"आन मग ते पानी, ते खत, माझं खोबरेल?"

"मग काय करू? मला कळलंय हे तिला कळलं तर लाजंल, लावायचं सोडंल." त्यांनी कानस पुन्हा उचलली. "त्या पातेल्यापास्नं पयल्यांदा तिनं माझ्या कामाला हात लावला."

मला हसूही आलं आणि आमच्या मांजरीची बाजू घ्यावीशीही वाटली. पण रविवारसाठी मी तोड काढली. शनिवारी पूजेच्या वेळी मी अव्वांना ब्लाउजच्या मापाला बोलावते, तेवढ्यात तुम्ही पातं बुडवा. एकच पातं. अप्पा लहान मुलासारखे खूश झाले. "एकच," ते म्हणाले. "एक निळं म्हंजे निळं."

शनिवारी अव्वा आल्या. मी माप घेतलं, पुन्हा घेतलं, दंडाचं तर किती वेळा घेतलं. अव्वा म्हणाल्या, "मधल्या मधी जाड हुतीया व्हय मी?" खिडकीतून माझा एक डोळा अप्पांवर. हौद उकळायला लागला, तरी अप्पा पूजेतून उठेनात. वाफ निघतेय, पाणी आटतंय, आता तांबडं पडणार. मी हाक मारली, "अप्पा, हौद खवळला." त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"पूजेत बोलत न्हाईत ते," अव्वा म्हणाल्या. "सोड मला, मी बघती." आणि गेल्या.

मी खिडकीत टेप धरून उभी. अव्वा नवऱ्याच्या गुडघ्याशी वाकल्या. अंगठा दिव्यात, अंगठा पात्यावर, हात जोडले, आत. त्यानंतर अप्पा खाकरले, उठले, हौदात पळीपळीनं पाणी सोडून त्याला शांत केलं आणि पातं बुडवलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मला राग आला. संध्याकाळी भिंतीवरूनच विचारलं, एवढा घाट घालून असं का केलं?

"बिनबोटाचं पातं परक्याच्या हातात द्यायचं व्हय?" अप्पा म्हणाले. "त्याचं काय कापलं, तर?"

रविवारी पाहुणे आले. पातं इतकं सुंदर उतरलं होतं की त्यात अंगणातली तुळस दिसत होती, आणि मुठीजवळ फिका अंगठा. पाहुण्यांनी बराच वेळ बघितलं. "काका, डाग?"

"त्यो निघत न्हाय," अप्पा म्हणाले.

पाहुणे हळहळले. पुढच्या खेपेला बघू म्हणाले, पाणी प्यायले आणि गेले. गाडी वळेपर्यंत अप्पा दारात उभे होते. चेहरा पडला होता, नाही म्हणणार नाही. मग ते वळले आणि ती सुरी त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवली. चमच्यानं टुणटुण वाजवलं.

दुसऱ्या दिवशी मी शिवलेला ब्लाउज द्यायला गेले, सवयीनं हात मागं, ब्लाउज काखेत. अव्वा त्याच सुरीनं कांदा चिरत होत्या. अंगठा नेमका त्या ठिपक्यावर बसला होता. अप्पा भट्टीपाशी नवं पातं घासत होते.

"आवो," अव्वा मान वर न करता म्हणाल्या, "त्या डागाचं कारन घावलं का न्हाय?"

"न्हाय अजून," अप्पा म्हणाले. "शोधतोय."