सगुणाक्काची एक दिवसाची सहल

एका जंगलात समुद्र होता. हसू नका, बाळांनो. आधी तो जंगलाच्या बाहेरच होता. पण राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा काढताना करकोच्याला शिंक आली, रेघ लांब गेली, आणि किनाऱ्यासकट कोसभर पाणी उद्यानात आलं. खोडण्यापेक्षा ठेवणं सोपं होतं, म्हणून ठेवलं.

उद्यान होण्याआधी प्राणी तिथे नुसते राहत असत. उद्यान झालं आणि ते बघण्यासारखं ठरलं. आता बघायचं म्हणजे बाहेरून यायला हवं. म्हणून सात कोसांवरच्या शहरात कोल्हेशेठनं 'निवांत' नावाचं लॉज काढलं. सकाळी लॉजच्या गाडीनं निघायचं, उद्यान बघायचं, संध्याकाळी लॉजवर परत. कोल्हेशेठ हा कोल्हाच होता, पण शेठ म्हटलं की त्याची शेपटी जरा वर राहायची.

एके दिवशी समुद्रातून सगुणाक्का वर आली. सगुणाक्का म्हणजे पोक्त कासवीण. पोटात एकशे दहा अंडी. ज्या वाळूत आपण जन्मलो त्याच वाळूत अंडी घालायची, ही तिच्या घराण्याची रीत. त्यासाठी ती महिनाभर पोहत आली होती. वाळूवर पहिला पाय टेकला आणि शिट्टी वाजली.

शिट्टी हणमंतराव घोरपडीची. हणमंतराव उद्यानाचे रखवालदार होते आणि एका जागी चिकटले की चिकटले.

"पास?"

"मी इथलीच आहे हो. याच वाळूत जन्मले."

"जन्मल्याची पावती?"

आपण अंड्यातून निघालो तेव्हा पावतीपुस्तक घेऊन कुणी उभं नव्हतं, असं सगुणाक्कानं सांगितलं. हणमंतरावांना ते पटलं. पण पटल्याचा रकाना त्यांच्या वहीत नव्हता. समुद्राकडून येणं म्हणजे मागच्या दारानं घुसणं, असं त्यांनी तिला समजावलं. प्रवेश पुढच्या फाटकातून, आणि पास मिळतो शहरात, सहलीबरोबर. मग त्यांची जीभ दोनदा आतबाहेर झाली.

"पोटात काय आहे?"

"अंडी."

"बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणायला मनाई आहे. हवं तर माझ्यापाशी ठेवून जा."

सगुणाक्का नको म्हणाली. अंडी फार तर उद्या दिवस मावळेपर्यंत थोपवता येतील, पुढे ती कुणाचं ऐकणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिला पुढच्या फाटकातून बाहेर काढण्यात आलं. तिथे कोल्हेशेठची गाडी परतायच्या तयारीत उभी होती. मागची सीट रिकामी बघून त्यानं आक्काला उचलून बसवलं. पासाच्या बदल्यात तिच्या पाठीला चिकटलेले शिंपले काढून घेतले, लॉजच्या आरशाभोवती लावायला.

"घाई नाही करायची, आक्का," तो म्हणाला. "आमच्याकडे सगळं निवांत असतं."

आणि ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी सातची गाडी साडेनऊला निघाली, कारण पोहे चांगले झाले होते. घाटात गाडी थांबली, आलो तो रस्ता वरून कसा दिसतो ते बघायला. मग कोकम सरबतासाठी थांबली. मग सरबत प्यायल्यामुळे थांबली. मग जेवण, आणि जेवणावर झाडाखाली सतरंज्या टाकून एक डुलकी. सगळे घोरत होते. सगुणाक्का एकटी सूर्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला दुसरं कुणीतरी सावकाश वाटत होतं.

गाडी उद्यानात पोचली तेव्हा पावणेपाच वाजले होते. उद्यान साडेपाचला बंद व्हायचं. प्राण्यांना विश्रांती मिळावी म्हणून त्या वेळी सगळ्या प्राण्यांना बाहेर काढत असत. किनाऱ्यासाठी पंधरा मिनिटं ठेवली होती.

सहलीचं मुख्य आकर्षण होतं कासव. सगळ्यांनी दुर्बिणी काढल्या आणि समुद्राकडे रोखल्या. सगुणाक्काच्या मागे बकुळाताई शेळी उभ्या होत्या. गेली सात वर्षं त्या दर सुट्टीत कासव बघायला येत होत्या आणि दर वेळी कोकम घेऊन परत जात होत्या.

"जरा खाली वाका ना, काकू," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाठीमुळे काही दिसत नाहीये."

सगुणाक्का म्हणाली, "अहो ताई, मीच कासव आहे."

बकुळाताईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तिच्या गळ्यातला पास पाहिला. त्यावर 'पर्यटक' असं ठळक लिहिलं होतं. बकुळाताईंनी समजुतीनं मान हलवली आणि दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली.

मिनिटं सरत होती. सगुणाक्कानं कोपऱ्यातली जागा धरली आणि मागच्या पायांनी वाळू उकरायला घेतली. वीतभर खड्डा झाला नाही तोच शिट्टी वाजली.

"इथे खणायचं नाही," हणमंतराव म्हणाले. "ही कासवांच्या घरट्यांसाठी राखीव जागा आहे."

सगुणाक्कानं उकरलेली वाळू मागच्या पायांनी परत लोटली. तिला पुन्हा गाडीत बसवण्यात आलं. परतताना मात्र गाडी कुठे थांबली नाही, कारण लॉजवर भजी तयार होती.

लॉजच्या दारात सगुणाक्का उतरली तेव्हा सूर्य कौलांना टेकला होता. पोटात आता कळा येत होत्या. आणि तेवढ्यात तिच्या नाकाला ओळखीचा वास आला. तिनं मान वळवली.

अंगणात वाळूचा मोठा ढीग होता. कोल्हेशेठ लॉजवर नवा मजला चढवणार होता, त्याला 'सागरदर्शन' नाव देणार होता, त्यासाठी आणलेली वाळू. सगुणाक्कानं तोंड खुपसलं. तीच चव, तोच खारटपणा, आणि मधूनमधून तिच्या भावंडांच्या जुन्या अंड्यांची टरफलं. ही वाळू पासाशिवाय उद्यानाबाहेर कशी आली, हे मला विचारू नका, बाळांनो. मी कोल्हेशेठलाही विचारलं नाही. मलाही कधीतरी तिथे खोली लागते.

आक्का ढिगावर चढली. तिनं खड्डा केला, डोळे मिटले. बकुळाताई भज्यांची बशी घेऊन बाहेर आल्या आणि काय चाललंय म्हणून विचारू लागल्या.

"निवांत बसलेय," सगुणाक्का म्हणाली.

पहिलं अंडं पडलं तेव्हा बकुळाताईंच्या हातून बशी पडली. एकशे दहावं पडेपर्यंत सगळं लॉज अंगणात जमलं होतं, आणि दुर्बीण कुणालाच लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगुणाक्का पुन्हा सहलीला गेली. किनाऱ्याची पंधरा मिनिटं मिळताच सरळ चालत पाण्यात शिरली. हणमंतरावांच्या वहीत ती पर्यटक अजून बाहेर आलेली नाही.

वही मिटून हणमंतराव शहरात आले आणि ढिगाभोवती दोरी बांधली. पाटी लावली : राष्ट्रीय उद्यान, भाग दोन. दोरी लॉजच्या उंबऱ्यावरून गेली. त्यामुळे स्वतःच्या लॉजात शिरायला कोल्हेशेठला पास लागू लागला, आणि भाग दोनचा पास शहरात नव्हे, सात कोसांवर, उद्यानाच्या फाटकावर मिळायचा. सागरदर्शन मजला राहिलाच.

दोन महिन्यांनी ढीग हलला. एकशे दहा पिल्लं बाहेर आली आणि लॉजभर पसरली. कुणी गादीत, कुणी पोह्यांत. तेव्हा मात्र कोल्हेशेठनं सगळ्यांना गाडीत भरलं आणि कुठेही न थांबता, सरबताशिवाय, पाऊण तासात किनारा गाठला. हणमंतरावांनी पास मागितला. लहान मुलांना पास लागत नाही, असं त्यांच्याच पाटीवर लिहिलं होतं.

पिल्लं पाण्याकडे धावली. कुणीही निवांत नव्हतं.

तर तात्पर्य काय, बाळांनो : आपल्या जन्मगावी जायचं असेल, तर आधी शेजारच्या शहरात खोली घ्यावी. गावात कुणी शिरू दिलं नाही, तरी जीव टांगणीला लावू नये. आपलं गाव कुणाच्या तरी अंगणात ढीग घालून ठेवलेलं असतंच.