मोटर बेकसूर हाय!

प्रल्हादभाऊ माणसाला नमस्कार करत नाहीत, त्याचा ताप पाहतात. आमच्या संग्रामपूरकडच्या जिनिंगमध्ये मी कारकून म्हणून लागलो, त्या दिवशी या फिटरनं माझ्या मानेला उलटा हात लावून निकाल दिला, "थंडा हाय. टिकन." मोटर, पंप, चहाची किटली, शेटजींची गाडी, सगळ्यांना हाच मान. एका जागी उभं राहणं त्यांना जमत नाही. बोलता बोलता ते शेडच्या दुसऱ्या टोकाला पोचतात आणि उरलेलं वाक्य ऐकायला आपण मागे धावायचं.

काहीही बिघडलं की त्यांचा एकच सिद्धांत, "मोटर बेकसूर हाय!"

परवा ऐन हंगामात प्रेस बंद पडला. कापसाच्या गाठी दाबणाऱ्या हायड्रॉलिक पंपाची मोटर लोड घ्यायची, तापायची आणि ट्रिप होऊन आपोआप बंद पडायची. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत शेटजींचा चढलेला पारा.

"मोटर जळाली. नवी आणा," शेटजी म्हणाले.

"काऊन? तिले इचारलं का कोनी?" प्रल्हादभाऊ भडकले.

नेमकी त्याच दिवशी त्यांची एकुलती एक लेक वर्षा नोकरीसाठी पुण्याला निघाली होती. बायको गेल्यावर या गड्यानं एकट्यानं वाढवलेली पोर. मी म्हणालो, "भाऊ, आधी स्टँडवर जाऊन या."

"प्रेस बंद ठिवून?" ते माझ्यावरच खेकसले.

त्यांनी पंप सोडवला आणि मोटर एकटीच फिरवली. गुमान चालली. "पाह्यलं? चोर पुढं हाय." मग फिल्टर काढला, तेल पाहिलं आणि प्रेशरच्या व्हॉल्व्हपाशी येऊन थबकले. प्रेसवाल्या शेषरावनं तो पार आवळून टाकला होता; त्यामुळे दाब वाढून सगळा भार मोटरवर येत होता.

"काऊन आवळला बे?"

"शेटजी म्हणे, गाठ ढिली येऊन राह्यली."

शेटजींना तेवढ्यात बाहेर महत्त्वाचा फोन आला.

व्हॉल्व्ह सैल झाला, पंप जोडला, गाठ झकास दबली. तरी प्रल्हादभाऊ जाईनात. साफ केलेला फिल्टर पुन्हा उघडायला निघाले, तेव्हा मात्र मला संताप आला. पोरगी चालली आणि याला फिल्टर सुचतोय! मी तोंड उघडणार, इतक्यात फाटकाशी एसटी थांबली. वर्षा खाली उतरली.

"बाबा, किती वाट पाह्यली तुमची!"

"मोटर ट्रिप होऊन राह्यली होती," असं पुटपुटत त्यांनी तेलकट हात पाठीमागे लपवले. तिनं ते ओढून घेतले. नव्या कुर्त्याच्या बाहीवर काळी बोटं उमटली. कंडक्टर घाई करू लागला.

"खोलीतला पंखा आवाज करन तं मले फोन कर. दुसऱ्या कोनाले हात लावू देऊ नको."

"हाव बाबा," ती बसच्या पायरीवरून म्हणाली.

बस गेली. माझा रागही कुठल्या कुठे गेला होता. म्हटलं, "भाऊ, प्रेस सुरू झाला. आता घरी जाऊन जरा पडा."

"घरी?" रिकाम्या रस्त्याकडे पाहत ते म्हणाले. "घरी आता बिघडवनारंच कोनी नाई, बाबू. दुरुस्त काय करू?"