आश्लेषाची फर्स्ट क्लास झोप

टिंग.

ओव्हन तापल्याची वर्दी देणाऱ्या त्या एवढ्याशा आवाजाने अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या घरातली शांतता मोडली. सहा महिन्यांचा कुशल वरच्या खोलीत नुकताच झोपला होता. चार वर्षांची इशिता जमिनीवर ठोकळ्यांचा किल्ला रचत होती. आश्लेषा सोफ्यावर बसून, डोळे मिटून, येणारे पाहुणे मोजत होती. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

इशिताने जवळ येऊन दोन बोटांनी तिची पापणी वर उचलली. "आई, आर यू स्लीपिंग?"

"नाही. मराठीत विचार."

मराठीत वाक्य जुळवायला इशिताला वेळ लागे आणि तेवढ्यात आईला एक जादाची डुलकी मिळे. ही सोय आश्लेषाने मातृभाषेच्या नावाखाली कुशलच्या जन्मापासून चालवली होती.

झोपेबद्दल तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती बायोटेकमधली, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. इशिता साडेसातला अंथरुणात म्हणजे अंथरुणात. दिवसभराचा पसारा मेंदू झोपेत आवरतो, झोप झाली नाही की काय कुठे ठेवलंय ते सापडत नाही, चिडचिड होते, साधी सर्दीही लवकर हटत नाही, हे ती लेकीला, नवऱ्याला आणि फोनवर स्वतःच्या आईलाही ऐकवे. कुशलच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या झोपेची चौकशी केली तेव्हा मात्र ती "फर्स्ट क्लास" म्हणून मोकळी झाली होती. आपल्याला मुळात झोप कमी लागते, असं तिचं ठाम मत होतं.

त्याच भरवशावर तिने कुशलचं उष्टावण घरीच करायचं ठरवलं होतं. नवऱ्याने, देवदत्तने, सुचवून पाहिलं, थोडं पुढे ढकलू, नाहीतर इडल्या तरी प्रीता काकूंकडून मागवू. दोन रस्ते सोडून राहणाऱ्या काकू घरून ऑर्डरी घेत. आश्लेषाला ते चांगलंच लागलं.

"माझ्या मुलाचं उष्टावण आणि इडल्या विकतच्या? मी मॅनेज करते रे."

आणि तिने तीस माणसांचं पीठ स्वतः वाटलं.

तर ओव्हन तापला. पॅटिसचा ट्रे आत सरकवायला तिने दार उघडलं आणि काळ्या धुराचा लोट तोंडावर आला. इथल्या गारठ्यात पीठ फुगावं म्हणून ते ओव्हनमध्ये आतला दिवा लावून ठेवायची मराठी घरांची रीत. तिनेही ठेवलं होतं. सकाळी ओव्हन चारशे फॅरनहाइटवर लावताना मात्र आत काय आहे ते आठवलंच नाही. पीठ फुगलं होतं सुंदर. फक्त डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण पाघळून त्याच्या अंगावर शालीसारखं बसलं होतं.

तिने ओव्हन बंद केला, तोवर छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला. त्याने कुशल उठला आणि अलार्मच्या वरच्या पट्टीत रडू लागला. त्याला कडेवर घेऊन तिने धूर हाकलायला हाताशी होतं ते फिरवलं. हाताशी पॅटिसचा ट्रे होता. बर्फासारखी कडक पॅटिसं एकामागून एक उडाली आणि इशिताच्या किल्ल्यावर आदळली. आता इशिताही रडू लागली.

खिडक्या उघडल्यावर अलार्म एकदाचा दमला. इडल्या गेल्या, पॅटिसं जमिनीवर, पाहुणे बारा वाजता. देवदत्त दुकानात गेलेला. त्याला कळायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. आश्लेषाने अभिमान गिळून काकूंना फोन लावला.

"काकू, आश्लेषा बोलतेय. बारापर्यंत साठ इडल्या होतील का?"

पलीकडचा मिक्सर थांबला. "आज? अगं, उद्याच्या आहेत ना?"

"उद्याच्या काय?"

"इडल्या. तूच नाही का बुधवारी ऑर्डर दिलीस? देवदत्तला कळू देऊ नका, असंही म्हणालीस. आणि उष्टावण उद्या आहे, बाळा. आज शनिवार."

देवदत्तने शुक्रवारी सुट्टी घेतली होती. तो घरात दिसला म्हणून तिने शुक्रवारलाच शनिवार धरलं होतं, आणि आजच्या शनिवारला रविवार. पीठ एक दिवस आधीच वाटलेलं पाहून त्याला वाटलं, बायको थंडीचा किती विचार करते. बुधवारचा फोन तिच्या मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यात पडला होता कोण जाणे. तिथे बरेच दिवस कुणी आवरायला फिरकलंच नव्हतं.

"झोपतेस की नाही गं?"

"फर्स्ट क्लास, काकू," ती सवयीने म्हणाली.

"आलेच मी," म्हणून काकूंनी फोन ठेवला आणि खरंच आल्या. आल्या आल्या त्यांनी कुशलला खांद्यावर घेतलं. आश्लेषा सोफ्याच्या कडेला टेकून त्यांना समजावू लागली, की ती दमलेली वगैरे अजिबात नाही, जरा मिनिटभर बसते आणि लगेच ओव्हन...

वाक्य तिथेच राहिलं.

देवदत्त पिशव्या घेऊन आत आला. त्याने वास घेतला, ओव्हनकडे पाहिलं, फरशीवरच्या पॅटिसांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"उद्या विचार तिला काय ते," त्या कुजबुजल्या.

इशिताने एव्हाना किल्ला परत उभा केला होता, यावेळी पॅटिसांचं छप्पर घालून. तो दाखवायला ती आईजवळ आली. दोन बोटांनी तिने पापणी वर केली, आत डोकावून पाहिलं आणि अलगद सोडून दिली. मग कुणी न सांगता, एकेक शब्द जुळवत, अगदी हळू आवाजात तिने विचारलं,

"आई, तू झोपलीस का?"