कारकून शोधण्याची स्पर्धा

लोकसंपर्क खात्याच्या साहेबांनी आवक-जावक टेबलावरच्या कारकुनाला केबिनमध्ये बोलावलं आणि चक्क बसायला खुर्ची दिली, तेव्हाच त्याने ओळखलं, की काहीतरी अंगावर येणार आहे. खात्याने समाजमाध्यमांवर जनतेसाठी एक स्पर्धा काढली होती. नाव होतं 'ओळखा, टिपा, कळवा'. एक माणूस दिवसभर शहरात फिरणार, त्याचा फोटो खात्याच्या पानावर असणार, आणि जो कोणी त्याला गाठून त्याच्यासोबत फोटो टाकेल त्याला नवाकोरा मोबाइल मिळणार. हरवलेली माणसं जनतेच्या सहभागातून किती झटपट सापडतात, हे त्यातून सिद्ध व्हायचं होतं. आता फक्त हरवायला एक माणूस हवा होता.

"सगळ्यांनी एकमताने तुमचं नाव सुचवलं," साहेब म्हणाले. "तुम्ही नसलात तर ऑफिसचं काही अडत नाही."

कारकुनाच्या बढतीची फाईल साहेबांच्या कोपराखाली होती, त्यामुळे त्याने हा सन्मान समजून मान डोलावली. मग अटी सांगण्यात आल्या. ओळखपत्र आणि मोबाइल ऑफिसात जमा करायचा, नाहीतर तो स्वतःच एखाद्या नातेवाइकाला बोलावून घेईल. आपण कोण हे कुणालाही सांगायचं नाही. डोक्यावर खात्याची पिवळी टोपी घालायची. आणि सापडल्याशिवाय परत यायचं नाही.

फोटो म्हणून सर्व्हिस बुकात चिकटवलेलाच फोटो पानावर देण्यात आला. तो नोकरीला लागतानाचा होता. त्यात केस होते, गालफडं होती आणि भविष्याविषयी काही आशा असल्यासारखी नजर होती. आता यातलं काहीच उरलेलं नव्हतं. त्याने हे भीत भीत साहेबांच्या कानावर घातलं, तर साहेब म्हणाले, जनता हुशार आहे.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी बायकोने त्याचा शर्ट कडक इस्त्री करून दिला आणि माहेरच्या ग्रुपवर 'आमचे हे' म्हणून स्पर्धेची जाहिरात टाकली. मग ती खात्याच्या पानावरच्या प्रतिक्रिया मोठ्याने वाचू लागली आणि हळूहळू तिचा आवाज उतरत गेला. एकाने लिहिलं होतं, आधी आमच्या गल्लीतलं पाणी शोधा, मग माणूस शोधू. दुसरा म्हणत होता, सरकारी माणूस जागेवर कधी सापडलाय, जो रस्त्यावर सापडेल. तिसऱ्याने कारकुनाचा चेहरा कापून एका बकरीच्या धडावर बसवला होता. त्याला सगळ्यात जास्त पसंती होती, आणि पसंती देणाऱ्यांत बायकोचा सख्खा भाऊही होता.

"बकरी तशी चांगली दिसतेय," बायको म्हणाली आणि तिने फोन बंद केला.

कारकून शहरभर फिरू लागला. त्याला वाटलं होतं, बाहेर पडताच झुंबड उडेल. त्याने टोपी नीट बसवून तयारीही केली होती. पण बसथांब्यावर सगळे माना खाली घालून मोबाइलमध्ये होते. तो एका तरुणाच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने हळूच डोकावलं. तरुण त्याच्याचविषयी लिहीत होता. असल्या फालतू माणसाला शोधायला लोकांना वेळ तरी कसा मिळतो, असं काहीसं. कारकून त्याच्यासमोर आला, खाकरला, टोपी काढून परत घातली.

"काका, जरा बाजूला व्हा ना," तरुण मान वर न करता म्हणाला. "स्क्रीनवर सावली पडतेय."

तो बँकेच्या रांगेत उभा राहिला, वाचनालयात वर्तमानपत्रं उलटीपालटी करून आला, बाजारात फेऱ्या मारून आला. सगळीकडे त्याचीच चर्चा होती आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बँकेत दोन बायका सांगत होत्या, की बक्षीस आधीच मंत्र्याच्या भाच्याला देऊन झालंय. वाचनालयात एकाचं म्हणणं होतं, की यातून सरकार लोकांचे फोन नंबर गोळा करतंय. आपलं हे म्हणणं तो फोनवर इतक्या मोठ्याने मांडत होता, की नंबर सोडून त्याची सगळी माहिती सगळ्यांना मिळाली.

दुपार कलली तसे कारकुनाचे पाय बोलू लागले. तो बागेतल्या बाकावर टेकला. शेजारी एक निवृत्त मास्तर बसले होते. तेही स्पर्धेचंच पान बघत होते. त्यांनी आपणहून कारकुनाला समजावून सांगितलं, की हा सगळा बनाव आहे आणि फोटोतला माणूस संगणकावर तयार केलेला आहे.

"खरा असेलही," कारकून म्हणाला.

"असता तर एव्हाना दिसला नसता का? डोळे उघडे ठेवून बसलोय मी इथे सकाळपासून."

कारकुनाचा संयम सुटला. अट गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणून त्याने सांगून टाकलं, "मास्तर, तो मीच आहे."

मास्तरांनी चष्मा पुसला, फोनकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. मग ओळखपत्र मागितलं. ते ऑफिसात होतं.

"हे बघा," मास्तर समजुतीच्या स्वरात म्हणाले, "फोटोतला माणूस तरतरीत आहे. मोबाइलच्या हावेपोटी दुसऱ्याची ओळख सांगू नये या वयात." आणि ते उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

तरीही कारकुनाने आशा सोडली नाही, फक्त रीत बदलली. एका मोठ्या वसाहतीच्या रस्त्यावर तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे थेट रोखून बघत फेऱ्या मारू लागला. कुणीतरी ओळखावं एवढीच त्याची इच्छा होती. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढायला आलेल्या एका बाईंनी ते पाहिलं. बाई वसाहतीच्या ग्रुपच्या प्रमुख होत्या. त्यांनी वरूनच त्याचा फोटो काढला आणि टाकला: पिवळी टोपी घातलेला इसम घरांवर नजर ठेवून आहे, मुलांना आत घ्या.

दिवसभर जे घडलं नाही ते आता पाहता पाहता घडलं. फोटो शेजारच्या वसाहतीत गेला, तिथून शाळेच्या पालकांत, तिथून साऱ्या शहरात. कारकून कोपऱ्यावर वळतो न वळतो तोच समोरून माणसं, मागून माणसं. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि प्रत्येकजण त्याचा फोटो काढत होता. क्षणभर त्याला भरून आलं. तो हसून फोटोसाठी नीट उभाही राहिला. मग वॉचमनने त्याची कॉलर धरली.

पोलीस चौकीत त्याने सगळं सांगितलं. फौजदार भले होते. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि साहेबांना फोन लावला. बराच वेळ नुसतं ऐकून घेऊन त्यांनी फोन ठेवला.

"तुमचे साहेब म्हणतात, अपमानकारक प्रतिक्रिया आल्यामुळे स्पर्धा दुपारीच रद्द केली. म्हणजे दुपारनंतर तुम्ही विनापरवानगी गैरहजर आहात."

"पण मला कुणी कळवलं नाही."

"परिपत्रक काढलंय म्हणे. वाटपासाठी तुमच्याच टेबलावर ठेवलंय."

एवढ्यात साहेबांचा पुन्हा फोन आला आणि यावेळी आवाजात मध होता. फोटो इतका पसरला होता, की थेट मंत्र्यांच्या कार्यालयातून विचारणा झाली होती. तेव्हा स्पर्धा रद्द झाल्याचंच रद्द झालं होतं. जनतेने आपला माणूस शोधून काढला होता, आणि तोही उत्स्फूर्तपणे. साहेब स्वतः गाडी घेऊन वसाहतीत गेले आणि गॅलरीतल्या बाईंना त्यांनी मोबाइल दिला. बाई म्हणाल्या, की अशी काही स्पर्धा आहे हे त्यांना माहीतच नव्हतं, आणि माहीत असतं तर त्यांनी भाग घेतला नसता. मोबाइल मात्र त्यांनी ठेवून घेतला. या गडबडीत कारकुनाला चौकीतून सोडवायला कुणीच आलं नाही. शेवटी पसरलेला फोटो बघून त्याची बायको आली. तिने त्याच्या डोक्यावरची पिवळी टोपी काढून पिशवीत टाकली.

घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडल्यावर त्याने बायकोच्या फोनवर खात्याचं पान उघडलं. फोटोत साहेब आणि बाई हसत होते. खाली यशाबद्दल साहेबांचं निवेदन होतं. कारकून आयुष्यात कधी कुठे प्रतिक्रिया देणारा माणूस नव्हता. पण त्याने टोपणनावाने एक नवं खातं काढलं आणि मन लावून लिहिलं, की असल्या स्पर्धा म्हणजे निव्वळ तमाशा आहे आणि ज्याने ही कल्पना काढली त्याला एक दिवस उन्हात फिरवला पाहिजे.

लगेच खात्याकडून उत्तर आलं. भाषा साहेबांचीच होती.

"घरात आरामात बसून टीका करणं सोपं असतं. कधीतरी रस्त्यावर उतरून काम करा, मग कळेल."