पुढचे दोन टायर

टायरवाल्याने चौथ्यांदा सांगितलं, "ताई, दोनच घेणार असाल तर मागे टाका."

"पुढे," ती म्हणाली. खांद्यावर दहा महिन्यांचं बाळ झोपलं होतं म्हणून आवाज हळू होता, एवढंच.

सकाळपासून ज्याने त्याने तिला शिकवलंच होतं. बाळाला कुठल्या कुशीवर निजवावं ते सासूबाईंनी, चमचा कसा धरावा ते शेजारणीने आणि पिवळीचं काय करावं ते नवऱ्याने. पिवळी म्हणजे तिची दोन सीटची स्पोर्ट्स कार, लग्नाआधी स्वतःच्या पगारातून घेतलेली. "घरात माणसं चार, सीटा दोन. तूच सांग," नवरा म्हणाला होता. गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं होतं, एक दंतवैद्य. तिने अट घातली: विकण्याआधी एक दिवस मी तिला शर्यतीच्या ट्रॅकवर पळवणार. फी भरली की तिथे कुणालाही आपली गाडी पळवता येते. आणि मनात म्हणाली, अशी पळवीन, अशी पळवीन, की विकायचं नाव काढायची कुणाची टाप होणार नाही.

त्यासाठी हवे होते ट्रॅकचे टायर, मऊ रबराचे, घोरपडीसारखे रस्त्याला चिकटणारे. तिच्या बजेटमध्ये तसे चार काही बसेनात. टायरवाल्याने एक स्वस्त चौकडी पुढे केली. तिने अंगठ्याचं नख दाबलं, तर नखच वाकलं.

"हे कधीचे?"

"फार वापरलेले नाहीत, ताई."

"वापर नाही विचारला. जन्मतारीख विचारली."

टायरच्या कडेला बनवल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. दुधाच्या डब्यावरच्या तारखा वाचून वाचून तिची नजर तयार झाली होती. टायर बाळापेक्षा सात वर्षांनी मोठे निघाले. मग तिने निकाल दिला: मऊ टायरची एकच जोडी घ्यायची, ती पुढे, आणि मागे पिवळीचे जुने, दगड झालेले टायर तसेच राहू द्यायचे.

"वळतं कोण? पुढची चाकं. मग चांगले टायर कुणाला?"

"पण गाडीला ढकलतात मागची. मागची पकड सुटली तर..."

"हं, दादा, आता तुम्हीच राहिला होता शिकवायचे."

टायरवाल्याने हात जोडले. टायर पुढे बसले.

रविवारी ती पिवळीतून आणि बाकीचं घर टॅक्सीतून ट्रॅकवर पोचलं. दंतवैद्य चकचकीत बुटांत आधीच हजर होता. गाडी पळताना दिसली की भाव चांगला येईल, म्हणून नवऱ्यानेच त्याला तिथे बोलावलं होतं. तिने खांद्यावरचं लाळेचं फडकं सासूबाईंकडे दिलं आणि हेल्मेट चढवलं.

"अगं, जपून!"

"जपायलाच आलेय, आई!"

पहिलंच वळण आलं. पुढचे टायर झोकात वळले. मागच्यांना तो निरोप पोचलाच नाही. ते आपले सरळ निघाले. पिवळीने स्वतःभोवती दीड गिरकी घेतली आणि खडीत जाऊन उभी राहिली, तोंड आलेल्या दिशेला. झेंडेवाल्याने एक बोट दाखवलं. तीन गिरक्या झाल्या की त्या गाडीला त्या दिवशी ट्रॅक बंद, असा तिथला नियम होता.

"वळण हळू घ्या, मॅडम."

हे ऐकल्यावर ती हळू घेईल, हे शक्यच नव्हतं. दोन बोटं. तिसऱ्या खेपेला मात्र जरा धास्तावून तिने भर वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, तर मागचा भाग आणखीच हलका होऊन पिवळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भोवऱ्यासारखी फिरली. तीन बोटं. खेळ खलास.

खडी गाळत गाडी परत आली. हेल्मेट काढता काढता तिने उत्तरं जुळवून ठेवली. कुणी म्हणू दे, 'तुला येत नाही', मग बघते.

"बाईंना जमत नाही वाटतं," दंतवैद्य म्हणालाच.

तिच्याआधी सासूबाई उसळल्या. "जमत नाही? अहो, हिला कळा सुरू झाल्या तेव्हा हा माझा लेक घरात चष्मा शोधत बसला होता. हीच गाडी स्वतः चालवत दवाखान्यात गेली ती! वर मला म्हणते, आई, बेल्ट लावा. माझ्या सुनेच्या हातात दोष काढू नका. दोष गाडीत आहे, गाडीत!"

दंतवैद्याचा चेहरा उतरला. तो वाकला, चाकाजवळचा पत्रा बोटाने टकटक वाजवून पाहिला आणि मान हलवली. "मुळालाच कीड दिसतेय."

पिवळीला कीड! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तोंड उघडणार, तेवढ्यात पलीकडच्या टपरीतून टायरवाला हात पुसत आला. ट्रॅकच्या दिवशी त्याचं दुकान तिथेच असे. "ताई, मी तेव्हाच म्हटलं होतं, मागे..."

दंतवैद्याने चेकबुक खिशात परत ठेवलेलं तिने पाहिलं. सबंध आयुष्यात ओठांवर आलेलं वाक्य तिने कधी गिळलं नव्हतं. हे गिळलं.

"दादा," सासूबाईंच्या कडेवरचं बाळ उचलून ती म्हणाली, "बाळाला धरा जरा."

बाळाने दोन्ही मुठींत टायरवाल्याची मिशी धरली. त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

दंतवैद्य गेला. नवरा पडेल चेहऱ्याने पिवळीकडे बघत राहिला. माणूस सरळ, रस्त्यात सापडलेली छत्रीसुद्धा मालक शोधून परत करणारा.

"नादुरुस्त गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची? माझ्याने नाही होणार," तो म्हणाला. "नीट होईपर्यंत ठेवावी लागेल. किती दिवस लागतील?"

तिने पिवळीला एक फेरी मारली. गुडघ्यावर बसून, तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा मागच्या चाकावर हात ठेवला. मग गंभीरपणे उठली.

"सांगता येत नाही रे. महिन्यातून एकदा तरी इथे आणून बघावं लागेल."